शिट्टीची जागा

खरखर बापूंना स्वच्छ आवाज आवडत नसे. लग्नांना आणि जयंत्यांना भोंगे भाड्याने देणाऱ्या माणसाची ही आवड म्हणजे धंद्याला लागलेला आजारच. पण तो त्यांना होता आणि त्यांनी तो लपवला नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "बापू, आवाज कसा काचेसारखा पाह्यजे." बापू म्हणायचे, "काचेतून तं पल्याडचं दिसते. आवाज सोता दिसला पाह्यजे ना." गिऱ्हाईक मान हलवायचं आणि बाहेर गेल्यावर हसायचं. खरखर बापू हे नाव असंच कोणीतरी ठेवलं. तोंडावर सगळे नुसतं बापू म्हणत.

पांढरकवड्याला हायवेलगत, पंक्चरवाला आणि ढाबा यांच्यामध्ये त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. हैदराबादकडे जाणारा भरलेला ट्रक गेला की पत्रे थरथरत, टेबलावरचे स्क्रू सरकत आणि रेकॉर्डवरची सुई उडी मारे. बापूंनी त्यावर उपाय काढला होता. रेकॉर्ड प्लेयर टेबलावर न ठेवता सरकीच्या भरलेल्या पोत्यावर ठेवायचा. सरकी हादरा पिऊन टाकते. मी नंतर पुष्कळ महागडी यंत्रं पाहिली, पण या उपायात सुधारणा करावी असं काही मला आढळलं नाही.

मी घाटंजीची. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला होता, बॅचमध्ये मुलगी मी एकटीच. प्रमाणपत्र घेऊन चार दुकानं फिरले. चारही ठिकाणी मालकांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्यामागे कोणी पुरुष माणूस आहे का ते पाहिलं. बापूंनी प्रमाणपत्र पाहिलंच नाही. एक भोंगा खांबाला बांधला, सरकीच्या पोत्यावर एक रेकॉर्ड लावली आणि विचारलं, "यात भोंग्याची खरखर कोनती आन गान्याची कोनती, सांग."

मी ऐकलं. असला गोंगाट मी जन्मात ऐकला नव्हता. म्हटलं, "भोंगा फाटला आहे. सगळीच भोंग्याची."

बापूंनी भोंग्यामागचं युनिट उघडून दाखवलं. आतला पडदा कोरा करकरीत होता. "सगळीच गान्याची हाय," ते म्हणाले. "पन तू लाजून 'चांगलं हाय, चांगलं हाय' नाही म्हनली. उद्यापासून ये." त्या दिवसापासून माझं नाव आयटीआय पडलं. आठ वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

ती रेकॉर्ड म्हणजे त्यांची फूटपट्टी होती. नवा भोंगा असो की दुरुस्तीला आलेला, त्याच्यावर हीच लावायची. मला आठवडा लागला, पण कळलं. फाटलेला पडदा ठरावीक सुरावरच कुरकुरतो. गाण्यातली खरखर सुराबरोबर वर चढते, सुराबरोबर खाली येते. एकदा हा फरक कानाला कळला की मग कुठलंही यंत्र आपल्याशी खोटं बोलू शकत नाही. माझं आजचं पोट त्या आठवड्यावर चालतं.

रेकॉर्ड त्यांना राजूरच्या एका खाण-अधिकाऱ्याने दिली होती. बदलीच्या वेळी त्याने सामान काढलं, बापू ॲम्प्लिफायर घ्यायला गेले, आणि ॲम्प्लिफायरखाली टेकू म्हणून ही ठेवलेली होती. "ही पन घेऊन जा," तो म्हणाला. कव्हरवर उंच गवतात चार लांब केसांची गोरी पोरं उभी होती, चेहरे जांभळे आणि मागचं आकाश पळसाच्या फुलांच्या रंगाचं. नावाची अक्षरं मेणासारखी वितळलेली, कोणालाच वाचता येत नव्हती. म्हणून आम्ही त्यांना पळसवाले म्हणायचो.

ढोल असा की पत्र्याच्या शेडमध्ये कोणी पिंप बडवतोय. गाणारा विहिरीतून गातोय. बाजाची पेटी जत्रेतल्या पाळण्यावरची वाटावी इतकी स्वस्त, आणि गिटार म्हणजे गिरणीचा पट्टा घसरतो तो आवाज. एका गाण्यात ती चक्क उलटी वाजते, सूर आधी मरतो आणि मग जन्माला येतो. पहिल्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याच्या शेवटी सगळे एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे वाजवतात, आणि त्यातून एक लांब शिट्टी निघते. माईक भोंग्यासमोर आला की लग्नात निघते ना, वऱ्हाडी कानावर हात ठेवतात आणि साऊंडवाल्याच्या आईची आठवण काढतात, तीच शिट्टी. ती विरता विरता चौथं गाणं सुरू होतं. त्यात नुसती पेटी आणि आवाज. मे महिन्यात बारा वाजता रस्त्यावरून चालत येऊन कडुनिंबाखाली शिरावं तसं ते गाणं येतं.

बापूंनी एकदा नागपूरला जाऊन जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्याला ते कव्हर दाखवलं. त्याने ओळखलं. म्हणाला, ही त्यांची पहिली, कच्ची. हिला कोणी विचारत नाही. नंतरच्या चांगल्या आहेत. बापूंनी नंतरची एक आणली, दोनदा ऐकली आणि पुढच्या खेपेला परत केली. "शिकले हे पोट्टे," ते म्हणाले. "शिकले आन बिघडले." मी विचारलं, मग हिच्यात काय आहे. ते म्हणाले, "यायले अजून वाजवता येत नाही, पन थांबताबी येत नाही. म्हनून मी आयकतो."

थांबता त्यांनाही येत नसे. मी बापूंना सलग पाच मिनिटं बसलेलं पाहिलेलं नाही. जेवण उभ्याने, चहा दारात. रेकॉर्ड लावली की ते आतून बाहेर, बाहेरून आत करायचे आणि मग ट्रक चुकवत हायवे ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहायचे. "जवळून तं भोंगा आयकू येते," म्हणायचे, "गानं दुरून येते." पलीकडे हात पाठीमागे बांधून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे. काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, डबा घेऊन यायच्या आणि मला विचारायच्या, "गेले का रस्त्यापल्याड? येऊ दे मंग. येतीन भूक लागली की."

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या धंद्याला ती कशी कळली ते सांगते. आधी लग्नांतले चार भोंग्यांचे दोन झाले. मग सामूहिक लग्नं आली, म्हणजे वीस जोडप्यांना मिळून दोन. मग शोकसभा आल्या, आणि शोकसभेला भोंगा लागत नाही, एक छोटा बॉक्स पुरतो. काम एकच वाढलं. मे-जूनमध्ये बियाणांचा प्रचार. जीपवर दोन भोंगे बांधायचे आणि गावोगाव फिरून सांगायचं की हे बी लावा, याला अळी लागत नाही, फवारणीचा ताप नाही. बियाणांच्या विक्रेत्याकडून कागद लिहून यायचा. वाचायचे बापू, कारण त्यांचा आवाज दोन शेतं ओलांडून जाई.

जीपमध्ये रेकॉर्ड वाजवता येत नाही. प्रचाराआधी लोक जमावेत म्हणून काहीतरी वाजवायचं, ते बापूंना पळसवाल्यांचंच हवं होतं. त्यांनी मला रेकॉर्ड दिली. "टेपवर उतरव. जसंच्या तसं."

मी उतरवली, पण जसंच्या तसं नाही. मी आयटीआय होते. ट्रेबल कमी केला, खरखर जरा दबली, मला बरं वाटलं. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी शिट्टी सुरू झाली तशी मी डेकचं पॉजचं बटण दाबलं. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने दुसऱ्या भोंग्याच्या तारा. चौथं गाणं सुरू झालं तसं सोडलं. शिट्टी हा दोष आहे, तो कसा घालवायचा यावर आम्हाला परीक्षेत प्रश्न असे. इतकी वर्षं बापू रोज तोच दोष ऐकत होते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्यांना मी सांगितलं, "झालं, बापू. एकदम साफ."

चार दिवसांनी एक माणूस दुकानात आला. पायात चांगले बूट, हातात जुना पत्ता. त्या खाण-अधिकाऱ्याचा मुलगा. वडील वारले होते, आणि शेवटी शेवटी एका रेकॉर्डची आठवण काढत होते. तुमच्याकडे असेल का? बापूंनी पोत्यावरची रेकॉर्ड उचलली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि दिली. मुलगा पैशाचं बोलायला लागला तर बापू म्हणाले, "टेकू म्हनून भेटली होती, तिचे कायचे पैसे? आन आमच्या आयटीआयनं उतरवून ठेवली हाय ना." त्याने कव्हरवरचं नाव वाचून दाखवलं, मी ते कॅसेटवर लिहून घेतलं. त्याच वेळी बोलायला हवं होतं. थांबा, दोन तास द्या, परत एकदा उतरवते, एवढंच. मी बोलले नाही. परक्या माणसासमोर चूक कबूल करायची नव्हती, आणि ती चूक आहे असं मला पुरतं वाटतही नव्हतं. तो बसस्टँडकडे गेला.

पुढच्या आठवड्यात आम्ही घाटंजीकडच्या एका तांड्यावर गेलो. बापू गाडी चालवत, मी डेक सांभाळत. चौकात लिंबाखाली जीप लावली, कॅसेट टाकली. पोरं धावत आली, चार माणसं आली. बंजाऱ्यांची एक म्हातारी याडी, म्हणजे आई, बाजेवर बसली होती, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती बोटांनी बाजेच्या लाकडावर ठेका धरू लागली. बापू तिच्याजवळ गेले. "कसं वाटते, याडी?"

"नगारा बरा हाय," ती म्हणाली. "गानाऱ्याले ताप हाय काय?"

"तापच हाय," बापू खुशीत म्हणाले. "आता थांब, पुढं आइक." आणि ते नेहमीप्रमाणे चालत लांब जाऊ लागले.

तिसरं गाणं संपलं आणि खटकन चौथं सुरू झालं. बापू चालता चालता थांबले. परत आले. "मांगं घे," म्हणाले. मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा तेच. ते जीपच्या खिडकीवर हात ठेवून उभे राहिले.

"आयटीआय, शिट्टी कुठी गेली?"

"बापू, तो फॉल्ट होता. मी काढला."

"कोन सांगतलं फॉल्ट होता म्हून?"

"आम्हाले तसंच शिकवलं."

"हं," ते म्हणाले. "मंग तुह्यं बरोबर हाय." रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी माईक घेतला आणि कागद उघडला. पहिलं वाक्य वाचलं असेल नसेल, एक तिशीतली बाई डोक्यावरचं जळण खाली न ठेवता जीपसमोर उभी राहिली. "दादा, मांगच्या सालीबी तुमीच आलते ना? अळी लागत नाही म्हने. हाच आवाज होता."

"हाच होता," बापू म्हणाले.

"लागली ना पन."

"हं."

"मंग औंदा काय सांगून राह्यले?"

बापूंनी माईकचं बटण बंद केलं. तरी भोंग्यातून थोडी खरखर येतच राहिली. "औंदा काहीच नाही, बाई," ते म्हणाले, कागदाची घडी करून खिशात घातली आणि गाडीला चावी लावली. मागून याडी ओरडून काहीतरी म्हणाली. बहुतेक गाणं लावा असं.

घाटंजीला गाडी थांबवली. तिथे टपरीवर चहा घेतला, उभ्यानेच. अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाले, "आपन दोघायनंबी साफ आवाज काढला, आयटीआय." दुसऱ्या दिवशी त्यांनी जीपवरचे भोंगे उतरवले आणि विक्रेत्याला नाही म्हणून सांगितलं. त्या उन्हाळ्यात दुकानात मिक्सर आणि कूलरच्या मोटारीच तेवढ्या आल्या.

आता टेस्टिंगला माझीच कॅसेट होती. बापू ती रोज लावत. तिसरं गाणं संपत आलं की हायवेपलीकडून येऊन, ते संपताच पॉज दाबत, डेकवर हात ठेवून गप्प उभे राहत, मग बटण सोडत, चौथं गाणं सुरू होई, आणि परत पलीकडे. तेवढ्या वेळात माझा सोल्डरचा एक टाका होई. शिट्टीची जागा ते मोकळी सोडत होते. मला ते टोचे. वाटे, बोलून टाका ना एकदा. मी राजूरहून त्या अधिकाऱ्याच्या मुलाचा पत्ता मिळवून पत्र टाकलं. या पत्त्यावर कोणी राहत नाही म्हणून ते परत आलं.

मग मी माझ्या परीने दुरुस्ती काढली. एका रविवारी दुकानात एकटी बसले, माईक भोंग्यासमोर धरला आणि शिट्टी काढली. दोष घालवायला शिकलेल्या बाईला तो मुद्दाम काढायला दुपार गेली. जवळ नेला की किंचाळे, लांब नेला की मरे. शेवटी हात हळूहळू फिरवत एक लांब शिट्टी जमली, ती कॅसेटवर घेतली. मूळची केवढी होती ते मला ठाऊक नव्हतं. नको असलेला आवाज असतो त्यापेक्षा लांबच वाटतो, म्हणून मी चांगली लांब घेतली. सोमवारी बापूंना ऐकवली. ते हायवे ओलांडून गेले, ऐकून परत आले.

"बरी हाय," म्हणाले. "पन ही त्यायची नाही. ही पांढरकवड्याची हाय. जोडू नको तिले त्याच्यात. ठेवून दे."

मी कॅसेट खणात टाकली आणि खण जोरात बंद केला. त्यानंतर त्यांचं पॉज धरून उभं राहणं लांबलं. आधी माझा एक टाका होई, आता चार होऊ लागले. मला वाटलं, टोमणाही लांबला. एकदा न राहवून म्हटलं, "बापू, किती दिवस उट्टं काढाल?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना परक्या भाषेत काही विचारलं होतं. "कायचं उट्टं? मी आयकून राह्यलो." म्हणजे ते मूळची शिट्टी आठवून ऐकतात, असा मी अर्थ लावला, आणि तो मला टोमण्यापेक्षा वाईट वाटला.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, यवतमाळला स्वतःचं दुकान टाकायचं ठरलं. खरं सांगायचं तर त्या रिकाम्या जागेपासून सुटायलाही मी निघाले. निघताना बापू दारात उभे होते, नेहमीसारखे या पायावरून त्या पायावर. "जा," म्हणाले. "टेस्टिंगले साफ गानं लावत नको जाऊ. फसशीन." मी वाकले तर मागे सरकले. नमस्कार वगैरे त्यांना चालत नसे. जय भीम घातला, तो मात्र त्यांनी घेतला.

बापू गेले ते गेल्या वर्षी. तब्येतीच्या तक्रारीने बसून राहावं लागलं आणि महिनाभरात आटोपले. बसणं त्यांना मानवणार नव्हतंच. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी एक खोकं दिलं. "तुह्यं सामान हाय. ठेवून गेलते." त्यात दोन युनिटं, माझा जुना टेस्टर आणि ती खणातली कॅसेट. वर बापूंच्या अक्षरात लिहिलेलं, आयटीआय. बाकी काही नाही. टेप इतकी वापरलेली की कडा चमकत होत्या.

"बापू ही वाजवायचे?" मी विचारलं.

"तू कामाले होती तवाबी वाजवत. सकाळी, तू यायच्या आंदी," काकू म्हणाल्या. "मले तं वाटे कूलरची मोटर गेली."

घरी आल्यावर मुलीला पळसवाल्यांचं खरं नाव सांगितलं, तेव्हा कॅसेटवर लिहिलेलं अजून लक्षात होतं. मुलीला मोबाईलवर एका मिनिटात ते सापडलं. खाली कोणीकोणी लिहिलेलं होतं, त्यात एकजण म्हणत होता की ही कच्ची आहे, नंतरच्या ऐका. दुसऱ्या दिवशी दुकानात तिसरं गाणं लावलं. शेवट आला, शिट्टी आली. इतक्या वर्षांनी मी ती पहिल्यांदाच पुरती ऐकली. माझा एक टाका होईपर्यंत ती संपली आणि चौथं गाणं कडुनिंबाच्या सावलीसारखं आलं. चार टाके नाही. एक.

मी गाणं बंद केलं. माळ्यावरून जुना डेक काढला, पुसला, बापूंची कॅसेट घातली. एक मिक्सर समोर होता, त्याच्या तारा सोडवून घेतल्या आणि बटण दाबलं. पांढरकवड्याची शिट्टी सुरू झाली, मागे कुठेतरी ट्रक जाताना ऐकू येत होता. मी पहिला टाका दिला. दुसरा. तिसरा. चौथा टाका थंड होत होता तेव्हा शिट्टी थांबली.

सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं. मोबाईलवर चौथं गाणं लावलं, आवाज पूर्ण वाढवला, फोन टेबलावर ठेवला आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले.